फूटभर उचल, मग थांब

पनवेलमध्ये कुणाला सांगितलं की मी क्रेन शिकवायचो, तर माणूस आधी खिडकीबाहेर बघतो. बाहेर कुठे ना कुठे टॉवर उभा राहत असतोच आणि त्याच्या डोक्यावर पिवळी क्रेन असतेच. मग तो मला बिल्डरचा माणूस समजून जागेचे भाव विचारायला लागतो. त्यामुळे आधीच सांगून टाकतो. ती क्रेन माझी नव्हे. माझी क्रेन उरणच्या बाजूची, कंटेनर उचलणारी. आयुष्याची चौतीस वर्षं मी तिच्यात किंवा तिच्याखाली काढली. पहिली नऊ चालवण्यात, बाकीची शिकवण्यात.

जासईच्या रस्त्यानं गेलात तर दोन्ही बाजूंना कंटेनरचे ढीग दिसतात. एकावर एक चार, कधी पाच. ते ढीग रचतात आणि उकलतात त्या या क्रेन. चार पायांवर उभं असलेलं एक मोठं दार डोळ्यांपुढे आणा. दाराच्या पायांना रबरी चाकं, मधून कंटेनरच्या सहा रांगा आणि ट्रकला जायला एक वाट. दाराच्या वरच्या तुळईला खाली लटकलेली काचेची केबिन. तिथे माणूस बसतो. त्याच्या पायाखाली काच असते आणि काचेखाली सहा-सात मजले मोकळी हवा. तो समोर बघतच नाही. आठ तास पुढे वाकून स्वतःच्या दोन गुडघ्यांमधून खाली बघतो. आमच्या धंद्यातल्या माणसाची ओळख विचाराल तर मान आखडलेली आणि नजर खाली. सासुरवाडीला त्यामुळे फार नम्र जावई समजतात.

दोन हातांत दोन दांडे असतात. डाव्या हातानं केबिन मागे-पुढे पळते, उजव्यानं बोजा वर-खाली होतो. शिकायला सगळ्यात अवघड काय, तर झोका. दोरांना लटकलेला तीस टनांचा डबा थांबवला की थांबत नाही, झुलायला लागतो. नवा माणूस घाबरून उलट्या दिशेला खेचतो आणि झोका दुप्पट होतो. खरं म्हणजे झोका जिकडे जातो तिकडे आपणही थोडं जायचं, त्याच्या डोक्यावर जाऊन पोहोचायचं, मग तो आपोआप शांत होतो. हे मी शेकडो जणांना शिकवलं. त्यातले किती तरी आज मुंद्र्यापासून दुबईपर्यंत क्रेनवर आहेत. त्यांचे दिवाळीत फोन येतात. या गोष्टीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दुसरी गोष्ट शिकवायला सोपी आणि पाळायला अवघड. ट्रकच्या ट्रेलरवर कंटेनर नुसता ठेवलेला नसतो. चार कोपऱ्यांना चार लॉक असतात. क्रेनखाली आल्यावर ड्रायव्हरनं ते चारही उघडायचे. एखादा राहिला तर डब्याबरोबर ट्रेलरही वर उचलला जातो आणि ट्रेलरबरोबर ट्रक. म्हणून माझा नियम होता की डबा फूटभर उचल, मग थांब. चारी कोपरे बघ. चाकं जमिनीवर आहेत ना, बघ. मग वर ने. तीन-चार सेकंदांचं काम. पोरं त्याला चेष्टेनं ‘टिपणीस ब्रेक’ म्हणायची. टिपणीस हे माझं आडनाव. चेष्टा करायचे, पण पाळायचेही. एक जण पाळत नव्हता आणि तो माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी होता.

हरेश करंज्याचा. घरची मासेमारी, वडील आणि थोरला भाऊ बोटीवर. त्याला पहिल्यांदा वर नेलं तेव्हा खाली उतरल्यावर, सगळ्यांना विचारायचो तसं, काय वाटलं ते विचारलं. बहुतेक जण ‘काही नाही’ म्हणतात आणि त्यांचे पाय थरथरत असतात. हरेश म्हणाला, “भारी वाटलं, सर. बोटीसारकी हाय, डुलते.” तीन महिन्यांत तो झोका असा जिरवायचा की डबा दोराला नाही, त्याच्या मनगटाला बांधलाय असं वाटावं. दोन वर्षांत तो यार्डात पहिला होता. तासाला कुणी किती डबे हलवले ते ऑफिसच्या बाहेर बोर्डावर लिहिलेलं असे आणि महिनोन् महिने सगळ्यात वर हरेशचं नाव असे. नवी तुकडी आली की मी त्यांना चार नंबरच्या क्रेनखाली उभं करायचो आणि वर बोट दाखवून सांगायचो, बघा, याला म्हणतात हात.

बोट दाखवताना मला दिसत होतं की तो फूटभरावर थांबत नाही. एका दमात वर नेतो. त्याला एकदा बोललो. तो हसून म्हणाला की बोजा हाताला कळतो, लॉक राहिला तर वजन वेगळं लागेल. मला ते पटलं नव्हतं, पण मी पटवून घेतलं. इतक्या वरच्या दर्जाच्या माणसाला पहिलीतला नियम कशाला, अशी मी मनाची समजूत घातली. खरी गोष्ट अशी की बोर्डावर त्याच्या नावापुढे कंसात ‘प्रशिक्षक : टिपणीस’ असं लिहिलेलं असे आणि ते वाचायला मला आवडत असे.

एका सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी वर्गात होतो. बाहेर भोंगा वाजला. धावत गेलो तर चार नंबरखाली ट्रक हवेत होता. ट्रेलरचे मागचे दोन लॉक उघडले होते, पुढचे दोन राहिले होते. त्यामुळे डब्याबरोबर ट्रेलरचं पुढचं टोक आणि त्याला जोडलेला ट्रक वर गेला होता. ट्रकची मागची चाकं पुरुषभर उंचावर फिरत होती, ड्रायव्हरची केबिन पुढे नाकावर वाकली होती आणि ड्रायव्हर आत होता. स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसला होता.

अशा वेळी वरचा माणूस घाबरून दांडा खाली दाबतो आणि सगळं आपटतं. हरेशनं तसं केलं नाही. त्यानं सगळं जागच्या जागी धरलं. झोका होता, तो मरू दिला. मग बोटभर बोटभर करत खाली आणलं. किती वेळ लागला असेल? दीड-दोन मिनिटं. चाकं जमिनीला टेकली तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. मी चौतीस वर्षांत यापेक्षा चांगलं काम पाहिलेलं नाही.

ड्रायव्हर सलीमभाई. उरणच्या मोहल्ल्यातले, पन्नाशीचे, यार्डात सगळ्यांच्या ओळखीचे. ते उतरले, कडेला जमिनीवर बसले आणि पाणी मागितलं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

चौकशी दोन दिवसांत आटोपली. लॉक उघडणं ड्रायव्हरचं काम, ते त्यानं केलं नाही, म्हणून सलीमभाईंचा यार्डात यायचा पास बंद झाला. ऑपरेटरनं प्रसंगावधान दाखवलं, म्हणून हरेशचा सत्कार झाला. आमचे मॅनेजर शिर्के तरुण, कामाला कडक, माणूस वाईट नव्हे. त्यांनी शाल-श्रीफळ दिलं, सगळ्या शिफ्टला पेढे वाटले. मी भाषण केलं. काय बोललो ते इथे लिहवत नाही. सगळं खरं बोललो, फक्त एक गोष्ट सोडून. तो फूटभरावर थांबला असता तर ट्रक वर गेलाच नसता.

सत्कारानंतर तिसऱ्या दिवशी हरेश क्रेनच्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून राहिला. वर जाईना, खाली येईना. दोघांनी धरून उतरवला. चक्कर आली म्हणाला. कान तपासले, रक्तदाब तपासला, सगळं ठीक. रजा घेतली. पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोचा, प्रणिताचा, फोन आला. ती म्हणाली की यांना झोप नाही, जेवण नाही, जासईचा पूल ओलांडायचा तर रिक्षातून उतरून परत फिरतात. घरात सगळे म्हणतात नजर लागली, मोठा सत्कार झाला ना. “सर, तुमी येऊन बगा एकदा. तुमचं ऐकतील.”

मी करंज्याला गेलो. लिलाव आटोपून धक्का रिकामा झाला होता. हरेश वाळत घातलेल्या मासळीजवळ बसला होता. दाढी वाढलेली. भावाची बोट समोर लागली होती. मी म्हटलं, चल, बोटीवर बसू. त्यानं बोटीकडे बघितलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. मी इतक्या जणांचे हात पाहिलेत. ते हात बघून मला कळलं की हा आळस नाही, नाटक नाही आणि नजर तर नाहीच नाही.

पनवेलमध्ये माझ्या ओळखीच्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, डॉक्टर अनघा. तिथे जाऊ म्हटल्यावर हरेश आठवडाभर बोलला नाही. वेडाच्या डॉक्टरकडे गेल्याचं कळलं तर क्रेन कायमची जाईल, ही त्याची भीती. ती अगदीच खोटी नव्हती. शेवटी मी म्हटलं की मी बरोबर येतो. दवाखान्यात गेलो तर बाकावर नेऱ्याचे एक गृहस्थ बसलेले. फार्महाऊसच्या जागांचे मोठे व्यवहार करणारे, गळ्यात जाड साखळी, पनवेलमध्ये त्यांचे बॅनर लागतात. हरेशची आणि त्यांची ओळख निघाली. ते घाईघाईनं म्हणाले, “पावण्यांना घेऊन आलोय.” पाहुणे कुठे दिसत नव्हते. हरेश तेवढ्याच घाईनं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मी पन. सरांना घेऊन आलोय.” गृहस्थांनी माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. मी मान खाली घातली. त्याची सवय होतीच.

पहिल्या दोन भेटींना तो आत एकटा गेला. तिसऱ्या वेळी त्यानं मला आत बोलावलं. डॉक्टरांनी त्याला विचारलं की डोळे मिटले की काय दिसतं, पडताना दिसतं का? तो नाही म्हणाला. पडण्याचं त्याला कधीच भय नव्हतं. त्याला दिसत होता स्वतःचा उजवा हात. हात दांडा ओढतोय, ट्रक वर जातोय, आणि हात थांबत नाही.

“आधी थांबायचा?” डॉक्टरांनी विचारलं.

हरेश उजव्या हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “नाय. दोन वर्सं नाय थांबला. सरांना ठाव हाय.”

 मी म्हणालो, हो, मला माहीत होतं. डॉक्टरांनी मला काही सुनावलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की जोखीम घेऊन काही वाईट झालं नाही की माणसाला वाटतं ते आपलं कौशल्य. दर वेळी थोडा नशिबाचा भाग असतो, तो दिसत नाही. याला तो एका सकाळी दिसला. आणि दिसल्यावर लोकांनी याच्या खांद्यावर शाल घातली. आता हा ते कुणाला सांगणार?

घरी आल्यावर मी चार ओळींचं पत्र लिहायला बसलो आणि त्याची दोन पानं झाली. हरेश थांबत नव्हता, हे मला ठाऊक होतं, मी त्याला उदाहरण म्हणून दाखवत होतो, दोष एकट्या ड्रायव्हरचा नाही. पत्र देण्याआधी हरेशला वाचून दाखवलं, कारण त्याच्या नोकरीचा प्रश्न होता. तो म्हणाला, दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत त्यानं सलीमभाईंना शोधून काढलं. जासईजवळच्या एका टपरीवर ते भेटले. हरेशनं हट्टानं मलाही नेलं. सलीमभाईंचं काम बंद होतं तरी त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला आणि वर हरेशची तब्येत विचारली. हरेश म्हणाला, “चाचा, मी थांबलो असतो तर तुमचा ट्रक वर गेला नसता. मी कवाच थांबत नव्हतो.”

सलीमभाईंनी कप खाली ठेवला. “आणि मी दोनच लॉक उघडले होते,” ते म्हणाले. “फोन आला, बोलत बोलत गाडीत बसलो. चौकशीत सांगितलं की चारही उघडले, एखादा अडकला असेल. झूट बोललो. घरी बिवीला पण तेच सांगितलं. बेटा, वरचा तू झोपत नाहीस, खालचा मी झोपत नाही. आता दोघं जाऊन सांगून टाकू.”

आम्ही तिघं शिर्क्यांसमोर उभे राहिलो. शिर्क्यांनी पत्र वाचलं, दार लावून घेतलं आणि मला म्हणाले, “सर, तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय. प्रकरण मिटलंय. कशाला उकरून काढताय?” मी म्हटलं की मिटलेलं नाही, ते करंज्याला घरी बसलंय. ते बराच वेळ बोलले, वरच्यांना काय उत्तर देऊ हेही बोलले, आणि त्यांची अडचण मला समजत होती. पण पत्र मी परत घेतलं नाही. माझ्या फाइलमध्ये पहिला आणि शेवटचा ताकीदपत्राचा कागद लागला तो त्या आठवड्यात. हरेशचा परवाना पुन्हा परीक्षा होईपर्यंत रद्द झाला. सलीमभाईंना समज देऊन पास परत मिळाला. आणि मी एक मागणी केली होती, ती अर्धी मान्य झाली. बोर्ड निघाला नाही, पण ऑपरेटर फूटभरावर थांबतो की नाही हे यंत्राच्या नोंदीतून काढून त्याच बोर्डावर लिहायचं ठरलं. पहिल्या महिन्यात वरचे पाच खाली आले आणि खालचे पाच वर गेले. यार्डात महिनाभर माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.

हरेशला परत वर नेणं हे माझ्या नोकरीतलं शेवटचं मोठं काम. डॉक्टरांनी पद्धत सांगितली होती. पायऱ्या थोड्या चढायच्या, पण भीती चढलेली असताना उतरायचं नाही. तिथेच बसायचं, ती ओसरू द्यायची, मग उतरायचं. पहिल्या दिवशी आम्ही दहा पायऱ्या चढलो आणि वीस मिनिटं बसलो. तो घामानं भिजला होता. मी त्याला करंज्याच्या मासळीचे प्रकार विचारत होतो आणि तो एकेका शब्दात उत्तर देत होता. दुसऱ्या आठवड्यात मधला टप्पा. माझे गुडघे तेव्हाच गेले, पण ते सत्कारणी लागले म्हणायचं. खालून काही जण बघायचे. एकानं शीळ घातली तेव्हा शिर्के स्वतः ऑफिसबाहेर येऊन उभे राहिले आणि शीळ थांबली. चौथ्या आठवड्यात तो केबिनमध्ये बसला. दांड्यांना हात न लावता चाळीस मिनिटं गुडघ्यांमधून खाली बघत होता. मग डबा पकडणारा सांगाडा नुसता रिकामा हलवला. मग रिकामा डबा. मग भरलेला. पहिला भरलेला डबा त्यानं फूटभर उचलला आणि इतका वेळ थांबला की खालच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. परीक्षा घ्यायला मी बाहेरचा परीक्षक मागवला. माझ्या नजरेवर माझा आता तेवढा भरवसा नव्हता. हरेश पास झाला. झोका अजून तसाच जिरवत होता, मनगटाला बांधल्यासारखा.

बोर्डावर तो मग कधी तिसरा असे, कधी पाचवा. परत पहिला आला नाही. विचारलं तर सांगायचा की तासाला दोन-तीन डबे कमी होतात, पण घरी जाऊन जेवण जातं.

माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना, मे अखेरीच्या एका दुपारी, यार्डात गर्दी होती. जहाज लागायचं होतं, ट्रकची रांग जासईच्या रस्त्यापर्यंत गेली होती आणि शिर्के वॉकीटॉकीवर सगळ्यांना पळवत होते. हवा कोंडलेली होती. क्रेनवर वाऱ्याचं यंत्र असतं, ठरावीक वेग ओलांडला की ते वाजतं. ते वाजलेलं नव्हतं. वॉकीटॉकीवर हरेशचा आवाज आला, “चार नंबर थांबवतोय. वारा फिरतोय. डबा खाली ठेवतोय.”

शिर्के म्हणाले की यंत्र वाजलेलं नाही, काम चालू ठेव.

“साहेब, मना वारा कळतो. मी थांबतोय,” हरेश म्हणाला. आवाज चढला नव्हता.

थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग दोन नंबरवरून कुणी तरी म्हणालं, मीही थांबतोय. मग पाच नंबर. सगळ्या यार्डात दोर स्थिर झाले. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एक-दोन झोत आले, ताडपत्र्या फडफडल्या, धूळ उठली आणि बसली. यंत्र वाजलंच नाही. काही पडलं नाही, काही मोडलं नाही. हरेश बरोबर होता की चूक हे सांगायला कुठलाही पुरावा उरला नाही. शिर्क्यांनी चिडून वेळ लिहून ठेवली आणि काम सुरू झालं.

हरेश त्या मधल्या वेळात खाली उतरला होता. मी टपरीवरून दोन चहा आणले. म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, “घाबरलो व्हतो, सर.” भूक लागली होती, असं कुणी म्हणावं तसं. आजूबाजूला चार-पाच ऑपरेटर उभे होते, त्यांनी ऐकलं. कुणी हसलं नाही.

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी घरीही कधी बोललो नव्हतो. माझ्या दुसऱ्या वर्षी एकदा डबा माझ्या हातून ढिगाच्या कडेवर टेकला आणि कलला. पडला नाही. पण त्यानंतर तीन महिने मी वर जाण्याआधी रोज क्रेनच्या मागे जाऊन ओकायचो. खिशात वेलची ठेवायचो, वास येऊ नये म्हणून. ‘फूटभर उचल, मग थांब’ हा नियम माझ्या हुशारीतून नव्हे, त्या तीन महिन्यांतून आला होता. शिकवताना मी नियम सांगितला, ते तीन महिने कुणालाच सांगितले नाहीत.

हरेशनं ऐकून घेतलं. “मग तवाच का नाय सांगतलंत?” त्यानं विचारलं.

 त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. चहा संपवला, हेल्मेट घातलं आणि जिना चढायला लागला. मधल्या टप्प्यावर उभा राहिला, दोन श्वास घेतले, उरलेल्या पायऱ्या चढून केबिनचं दार लावलं. मी खाली उभा राहून बघत होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या पोरांना त्या दिवशी मी काहीच शिकवू शकलो नाही.